पाहुणीचं पाणी

लातूरच्या त्या कॉलनीचं नाव 'मांजरादर्शन'. मांजरा नदी तिथून दिसत नव्हती, कधीच दिसली नव्हती. गच्चीवर चढून टाचा उंचावल्या तरी दिसायचे ते डाळमिलचे पत्रे. पण बिल्डरनं नाव ठेवलं आणि लोकांनी घेतलं. नावाला थोडेच पैसे पडतात!

या कॉलनीचे चेअरमन मन्मथराव हालकुडे. उभी हयात डाळमिलमध्ये मॅनेजर म्हणून गेलेली, त्यामुळे डाळीतला खडा आणि माणसातली खोट लांबून ओळखण्याची सवय. आपल्यातली खोट मात्र माणसाला जवळूनही दिसत नाही, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

तेव्हा पाण्याचा बाजार सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. लातूरनं एके काळी रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलं. ती धास्ती ज्यांच्या पोटात होती त्यांनीच हा बाजार उभा केला. योजना सरळ होती. धरणातलं पाणी माणशी वाटून द्यायचं. ज्याच्या त्याच्या नावावर रोज ऐंशी लिटरचा वाटा. त्यातलं जे वाचेल ते संध्याकाळी विकायचं. सोयाबीनचा फुटतो तसा पाण्याचा भाव रोज फुटायचा, जाहीर व्हायचा. लॉन्ड्रीवाले, हॉटेलवाले, कापड रंगवणारे कारखानदार ते घ्यायचे. 'पाणी म्हणजे जीवन' असं भिंतीभिंतीवर रंगवून जे झालं नव्हतं ते भावानं करून दाखवलं. वर्षानुवर्षं गळणारे नळ आठवड्यात दुरुस्त झाले. गाड्या धुणारे पाइप अडगळीत गेले. आणि खरं ते खरंच म्हणावं, पाच उन्हाळे धरण आटलं नाही.

आता कुणी किती वापरलं हे कळायचं कसं? तर त्याला 'नाडी' होती. घराच्या मुख्य पाइपावर बसवलेली मुठीएवढी डबी. नळ उघडला की पाइपातल्या दाबाला धक्का बसतो आणि त्याची लाट पाइपभर पळते. बेसिनच्या नळाची लाट वेगळी, न्हाणीतल्या नळाची वेगळी. हे शास्त्र जुनंच. नवं होतं ते पुढचं. प्रत्येकाचा हात नळावर वेगळा पडतो: कुणी हिसका देऊन उघडतो, कुणी सावकाश, कुणी उघडून परत थोडा मागे घेतो. वैद्यानं मनगटावर बोटं ठेवावीत तशी ही डबी पाइपाला कान लावून बसायची आणि आठवडाभरात घरातली माणसं हातावरून ओळखायला शिकायची. संध्याकाळी सात वाजता बैठकीतल्या पडद्यावरून एक गोड आवाज ज्याचं त्याचं पाणी वाचून दाखवायचा. फाटकावर दिवा असे. वाट्यात राहिलात तर हिरवा, काठावर आलात तर पिवळा, ओलांडलात तर लाल. तो दिवा रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांना दिसायचा.

पाहुण्यांचीही सोय होती. पाहुण्यानं आपला वाटा फोनवरून यजमानाच्या घराकडे वळवायचा. त्यामुळे 'या, बसा'च्या मागोमाग 'वाटा वळवला का?' असं विचारायची रीत पडली. पहिल्या वर्षी विचारताना जीभ अडखळायची. पुढं पुढं चपला बाहेर काढाव्यात तसं ते होऊन गेलं.

मांजरादर्शननं त्या साली एका रंगकारखान्याशी वर्षभराचा करार केला होता. कॉलनीचं सगळं वाचलेलं पाणी चढ्या भावानं त्यानं घ्यायचं, आणि त्या पैशातून सभागृह बांधायचं. कारखान्याची अट एकच. वर्षात एकाही घराचा दिवा लाल होता कामा नये, कारण जिथं एक घर वाट्याबाहेर जातं तिथल्या पाण्याची हमी कोण देणार? करार मन्मथरावांनी घडवून आणलेला आणि राखणही त्यांचीच. उन्हाळ्यात कॉलनीतल्या निर्मळेकाकूंचे सासरे वारले. मौतीला आलेल्या सोयऱ्यांनी स्मशानातून परतल्यावर वाटे न वळवताच आंघोळी केल्या आणि काकूंचा दिवा लाल झाला. मन्मथराव सांत्वनाला गेले ते तिथंच म्हणाले, "दुःख आहे, समजतो मी काकू. पण दुपारच्या आत कुणाकडून तरी वाटा मागून घ्या. दिवा लाल म्हणजे लालच." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी आपला वाटा दिला, किंवा नाडीची नोंद चुकली असं सिद्ध झालं, तर लाल पुसला जायचा. सुतकातल्या बाईनं चार दारं फिरून वाटा गोळा केला. मन्मथरावांना त्या रात्री छान झोप लागली होती, हे त्यांना पुढं फार आठवलं.

एकुलती एक लेक प्रांजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली तेव्हा मन्मथरावांच्या बायकोला, महानंदाबाईंना, अस्मान ठेंगणं झालं. डिंक, खोबरं, अळीव, शेपा. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मन्मथराव मात्र पडद्यापुढं चष्मा लावून बसले होते. प्रांजलीचं सासर पुण्याचं. पुणं भीमेच्या खोऱ्यातलं. भीमा कृष्णेला मिळते आणि आपली मांजरा गोदावरीला. पुण्यात वाचलेला थेंब लातूरच्या धरणात येत नाही, म्हणून एका खोऱ्याचा वाटा दुसऱ्या खोऱ्यात चालत नसे. नियम शहाणपणाचाच होता. पण त्यामुळे लेक येणार होती ती बिनवाट्याची.

पडदा विचारत होता: नवी व्यक्ती घरची की पाहुणी? घरची म्हटलं तर तिचं पाणी दोघांच्या वाट्यातून जाणार. बाळंतिणीचं घर, तेलपाणी, दुपटी. दिवा पिवळा सोडून कधी लाल होईल सांगता येत नव्हतं. पाहुणी म्हटलं तर घरच्यांशी न जुळणाऱ्या हाताचं पाणी वेगळं मोजायचं आणि बाजारभावानं विकत घ्यायचं. मन्मथरावांनी 'पाहुणी'वर बोट ठेवलं. पैशाकडे त्यांनी पाहिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

"लेकीला पाहुणी?" महानंदाबाई पदराला हात पुसत मागं येऊन उभ्या होत्या.

"अगं, मशीनमध्ये फक्त. मशीनला काय कळतंय लेक नि पाहुणी!"

"मशीनला नसंल कळत. पण ते संध्याकाळी मोठ्यानं बोलतंय की ओ!"

आणि ते बोललंच. प्रांजली आली त्या दिवशी सात वाजता तिघं चहाला बसली होती. "महानंदा, पन्नास लिटर," पडद्याचा आवाज म्हणाला. "मन्मथ, अडतीस लिटर. पाहुणी, नव्वद लिटर."

"पाहुणी म्हणजे मी होय?" प्रांजली खळखळून हसली. मग आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि हसू आवरून बशीतलं बिस्किट मोडत बसली.

"तांत्रिक आहे ते, बेटा," मन्मथराव म्हणाले. "खोऱ्याचा नियम आहे."

"हो पप्पा. कळलं," ती म्हणाली.

नात झाली. गोरीगोमटी, भरपूर जावळाची. घर भरून गेलं. सकाळी न्हाणीत मालिशवाल्या मावशी पाय पसरून पाटावर बसायच्या, बाळाला पालथं पायांवर घ्यायच्या आणि ऊन पाण्याचे तांबे घालायच्या. बाळ टाहो फोडायचं. मन्मथराव बाहेर उभं राहून ऐकायचे आणि नकळत तांबे मोजायचे. आपण मोजतोय हे लक्षात आलं की त्यांचे कान तापायचे, पण मोजणं थांबायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पडदा म्हणाला, "मन्मथ, एकशे दहा लिटर. पाहुणी, शून्य." फाटकावर पिवळा दिवा लागला.

"हे काय भलतंच?" मन्मथरावांनी चष्मा पुसला. त्या दिवशी त्यांनी आंघोळसुद्धा अर्ध्या बादलीत उरकली होती. त्यांनी नोंद उघडून पाहिली. न्हाणीतला नळ, सकाळी. बेसिनचा नळ, दुपारी. सगळीकडे एकच खूण. आधी अर्धा उघडलेला, मग जरासं थांबून पूर्ण. डबीच्या लेखी हा हात मन्मथरावांचा होता.

त्यांना समजायला वेळ लागला नाही. रेल्वेनं पाणी आलं त्या साली प्रांजली चार वर्षांची होती. नळाला कितीतरी दिवसांनी पाणी यायचं, आणि आधी यायची ती हवा. नळ फुसफुसायचा, ठसकायचा, गढूळ पाणी अंगावर उडवायचा. लेकरू घाबरून पळायचं. मग मन्मथराव तिचा चिमुकला हात आपल्या हातात धरून तोटी फिरवायचे. "अर्धाच सोड. थांब. त्याला आधी खोकू दे. खोकला? आता सोड पूर्ण." दोघं बापलेक खोकणाऱ्या नळापुढं बसून हसायची. तीच सवय तिच्या हातात मुरली. पोटुशी होती तोवर एका हातानं भिंत धरून ती हळूहळू नळ उघडायची, म्हणून डबीला ती परकी वाटली. बाळंत झाली, हात मोकळा झाला, तशी डबीनं तिला बरोबर घरची ठरवली.

बापाला याचं कौतुक वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण बाहेर दिवा पिवळा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लेकीच्या खोलीच्या दाराशी घुटमळले. ती बाळाला मांडीवर थोपटत होती.

"बेटा, एक सांगू का? रागावू नको. नळ जरा… एकदम उघडत जाशील का? पूर्ण?"

"म्हणजे?"

त्यांनी समजावून सांगितलं. डबी, लाट, खूण, सगळं. ती ऐकत राहिली. "पप्पा, हे तुम्हीच शिकवलंय ना मला? नळाला खोकू दे म्हणून?"

"हो गं. पण आता कुठं नळ खोकतात?"

"बघते," ती म्हणाली. "हात जातो पण आपसूक." आणि तिनं बाळाकडं तोंड वळवलं.

प्रांजलीनं खरंच प्रयत्न केला. नळापाशी गेली की थबकायची, मग हिसका देऊन उघडायची. एवढंच नाही, ऊन पाण्याचे तांबेही कमी झाले. केस आठवड्यातून एकदाच. "मावशी, बास, झालं तिचं," असं ती बाळ अजून साबणाचं असतानाच म्हणायला लागली. महानंदाबाईंनी नवऱ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. मन्मथरावांना हे सगळं दिसत होतं, आणि दिसत असूनही संध्याकाळी हिरवा दिवा लागला की त्यांना बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की स्वतःचीच शिसारी यावी.

मग एक दिवस बाळाचं पोट बिघडलं. दुपट्यावर दुपटी, चादरी, अंगावरचे कपडे. प्रांजलीची दिवसभर नुसती धावपळ. रडणारं लेकरू खांद्यावर टाकून नळाला हात घालणाऱ्या आईच्या लक्षात कुठून राहणार की नळ कसा उघडायचा!

"मन्मथ, दोनशे पाच लिटर," पडदा गोड आवाजात म्हणाला.

चेअरमनच्या फाटकावर लाल दिवा लागला. करार संपायला आठवडाभर राहिला होता.

सकाळी त्यांच्याच फाटकापाशी माणसं जमली. मन्मथरावांनी स्वतःच बोलावलं होतं. दुसऱ्याच्या लाल दिव्याला बोलावत, तसंच. उन्हं वर आली होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी बोट दाखवत नव्हतं. उलट निर्मळेकाकू पुढं आल्या.

"अहो अप्पा, एवढं काय मनावर घ्यायचं? लेकीचं बाळंतपण आहे. माझा वाटा घ्या की तुम्ही. तेवढ्यानं नाही भागलं तर ह्यांचाही घ्या. दुपार व्हायची आहे अजून."

"आमचाही घ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

किती सोपं होतं! 'बरं काकू, द्या' एवढं म्हटलं असतं तर दिवाही हिरवा झाला असता आणि घरही राहिलं असतं. पण ज्या बाईला सुतकात चार दारं फिरायला लावलं तिच्याच पुढं हात पसरायचा? मन्मथरावांच्या मानेच्या शिरा ताठल्या.

"मी कुणाचा वाटा घेणार नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "कारण हे पाणी माझं नाहीच. मशीनची चूक आहे. मी काल तीस लिटरच्या वर गेलेलो नाही. हे पाणी आमच्या घरातलं नाही, बाहेरच्या माणसाचं आहे. पाहुणी आहे ती आमच्याकडं. नोंदलेली पाहुणी. तिचं पाणी माझ्या नावावर का म्हणून?"

निर्मळेकाकूंची नजर मन्मथरावांच्या खांद्यावरून मागं गेली आणि तिथंच थांबली. ते वळले. खिडकीत प्रांजली उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. शाळेत सगळ्यांसमोर छडी खाल्लेलं पोर कसं बघतं, तशी ती बघत होती.

दुरुस्तीचा अर्ज मान्य झाला. दुपारच्या आत दिवा हिरवा झाला. जेवायला तिनंच वाढलं. "पप्पा, भाजी घ्या ना अजून," म्हणाली. मन्मथरावांनी ताट पुढं केलं. बोलावं असं शंभरदा वाटलं, पण बोलणार काय? 'तसं म्हणायचं नव्हतं'? तसंच म्हणायचं होतं, त्याशिवाय दिवा हिरवा झाला नसता.

तिसऱ्या दिवशी जावई तेजस गाडी घेऊन आला. सव्वा महिना व्हायचा होता. "पुण्यात डॉक्टर जवळ आहेत, म्हणून," प्रांजली आईला म्हणाली. महानंदाबाईंनी लेकीची ओटी भरली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा गाडीत ठेवला. डबा जवळजवळ भरलेलाच होता. निघताना तिनं वडिलांना वाकून नमस्कार केला. पाहुणे करतात तसा, रीतसर.

करार पुरा झाला. सभागृहाचा पाया खोदायच्या दिवशी मन्मथरावांच्या गळ्यात हार पडला, टाळ्या झाल्या. महानंदाबाई आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या. "लेक नाही आली का, अप्पा?" निर्मळेकाकूंनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, म्हणून तर तो प्रश्न जास्त लागला. हार काढून हातात धरावा की खुर्चीवर ठेवावा हेही त्यांना सुचेना. लाजेनं मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना साठीला आल्यावर, टाळ्यांच्या गजरात कळलं.

सहा महिन्यांनी पुण्याहून उष्टावणाचं बोलावणं आलं. बाळाचं नाव गार्गी ठेवलं होतं. तेही फोनवरच कळलेलं. "तू जा," मन्मथराव बायकोला म्हणाले.

"मी तर जाणारच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तोंड चुकवून कुठवर बसणार?"

पुण्याला पोचले तेव्हा दार तेजसनं उघडलं. महानंदाबाई सरळ आत, लेकीच्या गळ्यात. मन्मथराव उंबऱ्यातच थबकले. हे घर भीमेच्या खोऱ्यातलं. आपला वाटा इथं चालत नाही. इथं आपण बिनवाट्याचे, हे त्यांच्या ध्यानात आलं. कुणी काही विचारलं नाही. 'वाटा वळवला का?' असं विचारायची अंगवळणी पडलेली रीत त्या घरात कुणाच्या तोंडी आलीच नाही.

"पप्पा, हातपाय धुऊन घ्या," तेजस म्हणाला. "पाटावर तुम्हालाच बसायचंय. आजोबांच्या हातचा पहिला घास."

ते मोरीपाशी गेले. तोटीवर हात ठेवला. अर्धी फिरवली. थांबले. पूर्ण फिरवली. पाणी आलं.

वाटा संपत आला की इथला पडदा सात वाजायची वाट न बघता बोलायचा. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून एक अनोळखी गोड आवाज आला, "प्रांजली, आणखी दोन लिटर. आजचा वाटा संपत आला आहे."

"अरेच्चा!" तेजस हसत पडद्याकडं वळला. "मशीन चुकलं बघ. थांब, पप्पांची पाहुणे म्हणून नोंद करतो."

"राहू दे," प्रांजली म्हणाली. ती गार्गीला कडेवर घेऊन दारात उभी होती. बापाकडं न बघता, अगदी साध्या आवाजात. "चुकलं नाहीये. माझंच पाणी आहे ते. राहू दे माझ्याच नावावर."

मन्मथरावांनी तोंड उघडलं. सहा महिने घोळवलेलं वाक्य होतं. लातूरपासून इथवर एस.टी.त पाठ करत आले होते. "बेटा, त्या दिवशी मी फाटकापाशी सगळ्यांसमोर जे…" हात पाण्याखालीच राहिले. पाणी वाहत होतं, बोटांवरून, मनगटावरून, खाली मोरीत, भळाभळा. थेंबाथेंबाला जपणाऱ्या त्या माणसाला ते दिसत नव्हतं. डोळ्यांसमोर सगळंच धूसर झालं होतं.

प्रांजली जवळ आली. गार्गीला तिनं एका बाजूला सावरलं आणि मोकळा हात पुढं केला.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "नळ."

आणि बापाच्या ओल्या हातावर आपला हात ठेवून तिनं तोटी बंद केली. आधी अर्धी. मग पूर्ण.